पेडण्याचा बोगदा आणि पहाऱ्याच्या दोन रीती

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. या कामात शेवटपर्यंत अडून बसला तो पेडण्याचा बोगदा. त्याची लांबी दीड किलोमीटरहून थोडीच अधिक. परंतु आत खडक नव्हता, पाण्याने भिजताच ढासळणारी मऊ माती होती. खोदावे तेवढे पुन्हा भरून येई. या मार्गावरील अशा मातीच्या बोगद्यांत कामगारांचे प्राणही गेले.

रूळ पडले म्हणून डोंगर स्थिर होत नाही. कापलेल्या कड्यांवर पावसाळ्यात नजर ठेवावयाची कशी, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. त्याची एक रीत रेल्वेइतकीच जुनी आहे. हाती कंदील, झेंडी आणि धोक्याचे फटाके घेऊन गस्तवाला आपल्या टप्प्यात फेऱ्या घालतो आणि रूळ स्वतः पाहतो. दुसऱ्या रीतीत माणूस जात नाही. कड्यावर जाळी अथवा कल मोजणारे यंत्र बसवावयाचे. माती हलली की त्यानेच खबर द्यावयाची.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीनजीक दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, मत्स्यगंधा एक्सप्रेसलाही दरडीमुळेच अपघात झाला. दोन फेऱ्यांमधील अंतर कितीही कमी केले, तरी दगड कोसळण्यास एक क्षण पुरतो. डिचोली तालुक्यातील साखळीस वाळवंटीचा पूर येतो, तो चढत चढत येतो. तेथे ठराविक वेळाने खूण पाहिली तरी भागते. दरडीचे तसे नाही. तेव्हा यंत्रांकडे वळणे अपरिहार्यच होते, आणि कड्यांवर जाळ्या व कलमापक यंत्रे आली. पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी उपकरणे आणि मांडवी व जुवारीच्या पुलांवर वायुवेगमापकेही बसली.

मात्र यंत्राच्या मौनाचे दोन अर्थ होतात : डोंगर शांत आहे, किंवा तार तुटली आहे. जुन्या गस्तीने ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. शेजारच्या टप्प्यातील गस्तवाल्यांनी आपापल्या वह्या एकमेकांस द्यावयाच्या. आणि गस्तवाला ठरलेल्या वेळी स्थानकावर पोहोचला नाही, तर स्टेशनमास्तराने गाडीच्या चालकास सावधगिरीचा हुकूम द्यावयाचा. खबर न येणे हीच तेथे धोक्याची खबर मानली जाते. संगणकाची आज्ञावली रचणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. प्रत्येक उपकरणास आळीपाळीने विचारावे, तर बराच वेळ व्यर्थ जातो. त्याच्या हाकेची वाट पाहावी, तर ते बंद पडल्याचे कळत नाही. म्हणून वाट पाहणारी आज्ञावलीही उपकरणाकडून मधूनमधून ‘मी जागा आहे’ एवढा निरोप मागून घेते. कंदीलवाल्यांची ही युक्ती त्यांना नव्याने शोधावी लागली, याची थोडी गंमत वाटते.

पेडण्याचा बोगदा पुढेही स्वस्थ बसला नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी पहाटे त्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये आत पाणी व चिखल येऊन वाहतूक थांबली. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही. मात्र लांब पल्ल्याच्या गाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या, कित्येक रद्द झाल्या. पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्यांचा वेग उतरतो, आणि एवढी यंत्रे असूनही शेकडो गस्तवाले कंदील घेऊन रुळांवर उतरतात.