कासवाच्या अंड्यांचा परवाना

बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्याजवळ सिपादान आणि लिगितान ही दोन चिमुकली बेटं आहेत. सिपादान जेमतेम १३ हेक्टरचं, झाडीनं भरलेलं. लिगितान म्हणजे बहुतेक वाळूच. १९८०च्या दशकापर्यंत तिथं कायमची वस्ती नव्हती. अंडी घालायला कासवं येत आणि ती अंडी गोळा करायला माणसं.

१९६९मध्ये सागरतळाच्या हद्दीची बोलणी निघाली, तेव्हा इंडोनेशिया आणि मलेशिया दोघांनीही बेटांवर हक्क सांगितला. पुढे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. इंडोनेशियाची भिस्त १८९१च्या ब्रिटिश-डच करारावर. त्यातली हद्दीची रेघ समुद्रात तशीच पुढं नेली, की बेटं आपसूक इंडोनेशियाची! न्यायालयानं ती रेघ सेबातिक बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच थांबवली. सुलूच्या सुलतानापासून मलेशियानं जोडलेली वारसाहक्काची साखळीही टिकली नाही.

मग प्रत्यक्ष कारभार कुणाचा होता, एवढंच उरलं. ही कसोटी जुनी आहे. अमेरिकेनं १८९८मध्ये स्पेनकडून फिलिपिन्स घेतलं. १९०६मध्ये अमेरिकी जनरल लिओनार्ड वूड त्यातल्याच समजल्या जाणाऱ्या पाल्मास बेटावर गेले, तर तिथं डच झेंडा फडकत होता. १९२८मध्ये लवाद माक्स ह्यूबर यांनी बेट डचांना दिलं. नुसत्या शोधानं मालकी मिळत नाही, सत्ता सातत्यानं आणि निर्वेधपणे चालवावी लागते, असं त्यांनी ठरवलं.

मलेशियाकडं दाखवायला ब्रिटिश काळातली फुटकळ वाटणारी कागदपत्रं होती. १९१७चा कासव-संरक्षणाचा कायदा, अंडी गोळा करण्याचे परवाने, अंड्यांवरून झालेल्या भांडणांचे निवाडे. १९३३मध्ये सिपादान पक्ष्यांसाठी राखीव झालं, १९६२ आणि १९६३मध्ये दोन्ही बेटांवर दीपगृहं उभी राहिली. शेजाऱ्यानं हरकत घेतली नाही, आणि हे मौनच त्याला महागात पडलं. इंडोनेशियानं १९२१मधली डच युद्धनौका ‘लिंक्स’ची फेरी आणि आपले मच्छीमार पुढं केले. पण मच्छीमार पोटासाठी येत होते, सरकारच्या हुकमानं नव्हे. शिवाय इंडोनेशियाच्या १९६०च्या सागरी हद्दीच्या कायद्याच्या नकाशात ही बेटं नव्हतीच.

१७ डिसेंबर २००२ रोजी १६ विरुद्ध १ मतांनी बेटं मलेशियाला मिळाली. भोवतालच्या समुद्राची हद्द न्यायालयापुढं नव्हती. तिच्यावरून अंबालतच्या तेलक्षेत्रात २००५मध्ये दोन्ही देशांत पुन्हा तणाव निर्माण झाला.