दिनविशेष : १० जुलै
निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा निकाल

१९८५ : मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्यांचा, ‘ओल्गा टेलिस’ नावाने गाजलेला निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी दिला; दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. चंद्रचूड घराणे मूळचे चाकणपलीकडच्या, खेड तालुक्यातील कन्हेरसरचे. पुण्याच्या लॉ कॉलेजातून पदवी, मुंबईत वकिली, मग सरकारी वकील, १९६१ मध्ये उच्च न्यायालय, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालय. सरन्यायाधीशपदी १९७८ पासून सात वर्षांहून अधिक काळ. तो विक्रम आजही अबाधित आहे. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेच्या खटल्यात मात्र ते सरकारच्या बाजूने उभे राहिले. तो डाग पुसला गेला नाही.

‘ओल्गा टेलिस’मध्ये त्यांनी जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क धरला. तरी झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका, असे बजावले. म्हणजे हक्क मान्य, छप्पर नाही! पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या कुदळवाडीत फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेचे जेसीबी पत्राशेडवर चालले, तेव्हा भंगारवाले आणि लघुउद्योजकही मुदतच मागत होते.