मरणाची नोंद कुणी ठेवली, आणि कशासाठी?

आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल, पण प्रत्येक घरात कधी ना कधी निघतोच. गेलेल्या माणसाची सरकारी नोंद कुठं सापडते? पन्नास, ऐंशी वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची तर कुठं शोधायची?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मूळ गाव राजूर. गणपतीचं राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. दोन वर्षांपूर्वी वडिलांना घरची वंशावळ जुळवायची होती, म्हणून मी या शोधात पडलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कोणतंही सरकार मरणाची नोंद मेलेल्या माणसासाठी ठेवत नाही. त्याचं स्वतःचं काहीतरी काम असतं. ते काम ओळखलं, की कोणत्या दप्तरात बघायचं ते कळतं.

आधी आपला इतिहास बघू. १९३० साली राजुरात जन्मलेला माणूस गाव न सोडता चार राजवटींत राहिला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम, मग भारतातलं हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हासुद्धा बदलला. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, त्याआधी भोकरदन तालुका औरंगाबादेत होता. म्हणून जुना कागद जालन्यात मिळाला नाही तर संभाजीनगरला विचारावं लागतं. राजवट बदलली की भाषा बदलते, कालगणनाही बदलते. निजामाच्या काळातले कागद बरेचसे उर्दूत, आणि वर्ष फसली. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं, महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी फारसी. हिशेब सोपा आहे: ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसली सनात ५९० मिळवा, त्यानंतरची असेल तर ५९१.

आता सरकारं मरण का लिहायची? एक कारण साथीचं. लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृतांचे आकडे छापले जायचे, प्लेग वाढतोय का हे कळावं म्हणून. जॉन ग्राँट नावाच्या कापड व्यापाऱ्यानं त्या आकड्यांवर १६६२ मध्ये पुस्तक लिहिलं. ब्रिटिश हिंदुस्थानातही पटकी, देवी, प्लेग यांचे आकडे हवे होते, म्हणून गावपातळीवर मृत्यूची वर्दी घ्यायची पद्धत बसली. जे कशातच बसत नाही, ते 'ताप' या रकान्यात जायचं.

इथं आपल्या भागाची एक गंमत आहे. जाफराबाद ओलांडलं की बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. तिथला कारभार १८५३ पासून इंग्रजांकडं होता. म्हणजे राजूरच्या घरातली एक मुलगी देऊळगाव राजाला दिली आणि भाऊ राजुरात राहिला, तर दोघांची मरणं दोन वेगळ्या सरकारांच्या दप्तरात. तिची नोंद मराठी कोतवाल बुकात सापडू शकते, भावाची उर्दूत शोधावी लागते. घरातल्या लेकी कुठं दिल्या होत्या, हे म्हणून आधी विचारा.

दुसरं कारण जमिनीचं, आणि हे फार मोठं. खातेदार गेला की सारा कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न येतो. म्हणून वारसाची नोंद होते, फेरफार पडतो, आणि फेरफारात 'अमुक मयत' असं लिहिलं जातं. ज्याचा मृत्यू दाखला नाही, त्याच्या मरणाचा पुरावा कित्येकदा फेरफारातच असतो. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक जुन्या नोंदींसाठी हाताशी ठेवावं. त्यात नाव असेल तर बहुतेक वेळा माणूस तोवर हयात होता असं धरता येतं. मात्र ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या मरणाशी या दप्तराला काही देणंघेणं नाही. सालदार, मजूर, आणि बहुतेक सगळ्या बायका इथं गायब.

तिसरा टप्पा आपल्या ओळखीचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू. गावात ग्रामपंचायतीकडं नोंद, २१ दिवसांच्या आत. इथं लोक एका जागी हमखास अडकतात. नोंद माणूस राहत होता तिथं होत नाही, जिथं गेला तिथं होते. राजूरचा माणूस घाटीत वारला तर दाखला संभाजीनगर महापालिकेकडं मागायचा. ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. दुसरं, दाखल्यावर मृत्यूचं कारण येत नाही. कायद्यानंच ते उघड करायला मनाई आहे. तिसरं, नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीनं तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं गेला. त्यासाठी आधी 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यावा लागतो. तो 'नाही'चा कागदसुद्धा जपून ठेवायचा असतो, बरं का.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यात जुनी दप्तरं उघडली. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, हा शब्द तेव्हा घराघरात पोचला. शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, पोलिसांची, कारागृहाची रजिस्टरंही तपासली गेली. कुठल्या कुठल्या कागदात माणूस सापडू शकतो, हे लोकांना त्या निमित्तानं दिसलं.

आता आमच्या घरचं सांगतो. पणजोबा लवकर सापडले. खासरा पत्रकात नाव, आणि १९५७ च्या फेरफारात मयत. पणजी मात्र कुठंच नाही. जमीन नाही, शाळा नाही, मतदार याद्यांच्या आधीच गेलेली.

मग घरातच शोधलं. आत्याला विचारलं, पणजीचं पित्तर कधी घालतात? ती म्हणाली, "अविधवा नवमीला." म्हणजे पणजी सवाष्ण गेली, पणजोबांच्या आधी. ही झाली वरची मर्यादा, १९५७. खालची मर्यादा शाळेनं दिली. आजोबा सगळ्यात धाकटे, प्रवेश-निर्गम रजिस्टरात त्यांचा जन्म १९३६. म्हणजे पणजी १९३६ ते १९५७ च्या मधे कधीतरी गेली. आत्यानं अजून एक सांगितलं, "दादा म्हणायचे, आई उन्हाळ्यात गेली, विहिरीला पाणी नव्हतं." झालं, एकवीस वर्षांतले फक्त उन्हाळे बघायचे.

एका कार्यालयात पहिल्यांदा "एवढं जुनं काही नसतं" असं उत्तर मिळालं. लेखी अर्ज दिला, सालं आणि गावाचं नाव नेमकं लिहिलं, तेव्हा बस्ता निघाला. उर्दू वाचायला एक निवृत्त गुरुजी सोबत आले. तीर महिना, फसली १३५२. त्यात ५९१ मिळवले की १९४३, आणि तीर म्हणजे साधारण मे. पणजोबांचं नाव, त्याच्या आधी एक शब्द. गुरुजींनी वाचला, "जौजा." म्हणजे बायको. पुढं 'बुखार'. तिचं स्वतःचं नाव त्या ओळीत नव्हतंच.

वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ताही बघा, असं बरेच जण सुचवतात. आपल्या भागात आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेलं आणि पुढं अनंत भालेराव यांनी चालवलेलं 'मराठवाडा', नंतर इतर दैनिकं. जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतात. निधनवार्तेत मुलं, सुना, नातवंडं येतात, त्यामुळं वंशावळीला ती सोन्यासारखी. पण चाळीसच्या दशकात खेड्यातल्या शेतकरणीची बातमी कोण छापणार?

म्हणून सांगतो, कार्यालयात जायच्या आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईकडं जा. तीन गोष्टी विचारा. पित्तर कोणत्या तिथीला? तेव्हा धाकटं मूल केवढं होतं? आणि तिचं नाव काय होतं? पहिल्या दोन उत्तरांवरून दप्तरातलं वर्ष हाती येतं. तिसरं उत्तर मात्र दप्तरात असेलच असं नाही. ते सांगणारं माणूस आहे तोवरच विचारून घ्या.

आमच्या वंशावळीचा तलाठ्यांकडचा नमुना नुसत्या पुरुषांच्या नावांचा होता. वडिलांनी पणजोबांच्या शेजारी कंस केला आणि आत्यानं सांगितलेलं नाव लिहिलं. खाली साल टाकलं, १९४३.

तुमच्याकडं कुणाची नोंद अशी निघाली असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.