चाचे कोणाला म्हणायचं?

इसवी सनापूर्वी ६७ मध्ये रोमने पॉम्पीला प्रचंड आरमार दिलं आणि त्याने काही महिन्यांत भूमध्य समुद्रातल्या चाच्यांचा बंदोबस्त केला. पण त्यानंतर शतकभराने इजिप्तहून भारताकडे निघणाऱ्या जहाजांवर तिरंदाजांच्या तुकड्या असायच्या. प्लिनीने कारण लिहून ठेवलंय: चाचे.

त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकातही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या चाच्यांची नोंद आहे. पण मला जास्त रस आहे त्यातल्या कल्याणच्या नोंदीत. थोरल्या सारगनच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापारी बंदर होतं. पुढे ते सांदनेसच्या ताब्यात गेलं आणि व्यापार अडवला गेला. आता तिथे चुकून शिरलेलं ग्रीक जहाज थेट पहाऱ्यात भरूचला नेलं जातं.

शस्त्राच्या धाकाने जहाज वळवायचं, तरी याला चाचेगिरी म्हटलेलं नाही. कारण मागे राज्य होतं आणि मुद्दा जकातीचा होता.

भरूच तेव्हा ज्याच्याकडे होतं तो राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपान. त्याचा जावई उषवदात आपल्याला पांडवलेण्यात भेटतो. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवले, डहाणूसकट अनेक नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या. सगळं दगडात कोरलेलं आहे.

मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला. चांदी तीच, मालक नवा. पांडवलेण्यातल्याच लेखात हा पराक्रम म्हणून नोंदला गेला.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचं दस्तक घ्यावं, असा त्यांचा आग्रह. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. स्वतःच्या परवान्यांना मात्र ते कायदा म्हणायचे.

म्हणजे चाचे नव्हतेच का? होते. फरक इतकाच की चाचा एकदाच सगळं नेतो, तर राजाला पुढच्या हंगामातही जहाज यायला हवं असतं. म्हणून तो थोडं घेतो, पावती देतो, लेणंही कोरतो. आणि कोणाला काय म्हणायचं, हे ठरवणारा दगडही त्याच्याकडेच असतो.