'पायलटची चूक' लिहून फाईल बंद करण्याआधी

आमच्या बेलवलीत, बिल्डिंगमधला एक मुलगा यंदा पायलट व्हायला निघालाय. बारावी सायन्स झाली, मेडिकल झालं, आता घर तारण ठेवून कर्ज काढायची बोलणी चालू आहेत. परवा त्याचे बाबा खाली भेटले. शेतात पडलेल्या एका छोट्या विमानाचा व्हिडिओ दाखवून म्हणाले, "तुम्ही असलं वाचत असता ना? ही शिकायची विमानं एवढी पडतात कशाने हो?"

व्हिडिओखाली कमेंटचा पाऊस. निम्मे म्हणतात 'पायलटची चूक', निम्मे म्हणतात 'भंगार विमानं'.

त्यांना उभ्या उभ्या धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांबलीय. पण ज्यांच्या घरात कुणी पायलट व्हायचं म्हणतंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या पट्ट्याला विमान नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे लष्कराचा कल्याण कॅम्प वसवला. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि त्याचं उल्हासनगर झालं. त्याच युद्धासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन नेवाळीला धावपट्टी केली. त्या जमिनींवरून 2017 च्या जूनमध्ये केवढा भडका उडाला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण आपल्याकडे साध्या माणसाने विमान शिकायची जागा म्हणजे जुहू. 1928 साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि 10 फेब्रुवारी 1929 ला तिथल्या जे. आर. डी. टाटांना भारतातलं 1 नंबरचं लायसन्स मिळालं. विमान कसलं, तर दोन पंखी 'मॉथ'. लाकडी सांगाडा, वर कापड.

आता मूळ प्रश्न. तेव्हाची विमानं पडायची त्याच कारणांनी आजचीही पडतात. कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

पहिलं कारण, स्टॉल. स्टॉल म्हटलं की लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं. तसं नाही. विमान तरंगतं ते पंखावरून नीट वाहणाऱ्या हवेवर. नाक प्रमाणाबाहेर वर केलं की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि विमान एकदम खाली बसतं. इंजिन ठणठणीत चालू असलं तरीही. अशा वेळी नाक खाली झुकवून वेग मिळवायचा असतो. पण जमीन समोर दिसत असताना माणसाचा हात काय करतो? दांडा आणखी मागे ओढतो. त्यात एक पंख आधी बसला की विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. हा स्पिन.

सुरुवातीच्या काळात स्पिन म्हणजे मरणच समजायचे. 25 ऑगस्ट 1912 ला इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाच्या नौदल अधिकाऱ्याचं विमान असंच फिरायला लागलं. सगळं करून झाल्यावर त्याने पायाने उलट्या बाजूचं रडर दाबलं आणि जमीन अगदी जवळ आली असताना विमान सावरलं. खाली उतरून त्याने काय काय केलं ते सांगितलं, लोकांनी ते लिहून घेतलं. चारच महिन्यांनी तोच पार्क दुसऱ्या एका विमानात गेला. इंजिन पुरेशी ताकद देत नव्हतं, उंची कमी होती, वेग कमी होता आणि त्याने वळण घेतलं.

ही ओळ लक्षात ठेवा. कमी उंची, कमी वेग आणि वळण. आजही धावपट्टीकडे येताना शेवटचं वळण घेतात तिथे हेच होतं. वळण लांबलं, पट्टी हुकतेय असं वाटलं, की शिकाऊ मुलगा विमान जास्त कलंडतो. सपाट उडताना ज्या वेगाला विमान बसतं, त्यापेक्षा 45 अंश कललेलं विमान 19 टक्के जास्त वेगालाच बसतं, 60 अंशांवर 41 टक्के. ही उंची साधारण पाचशे फुटांची. कसं सावरायचं हे माहीत असूनही सावरायला जागाच उरत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची पोरं लढाईआधी शिकतानाच ढिगाने मरत होती. 1917 मध्ये गॉस्पोर्टच्या रॉबर्ट स्मिथ-बॅरीने शिकवण्याची पद्धतच उलटी केली. धोक्यापासून लांब ठेवण्यापेक्षा मास्तराने सोबत बसून, भरपूर उंचीवर, धोका मुद्दाम दाखवायचा आणि त्यातून बाहेर काढायला शिकवायचं. बोलण्यासाठी रबरी नळी, दोघांच्याही हातात कंट्रोल. पोरं तीच होती, शिकवणं बदललं. जगभरचं विमान-शिक्षण आजही याच पायावर उभं आहे.

दुसरं कारण, इंजिन. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचं, हा पहिला धडा. पण मागे वळून पट्टीवर परतायचा मोह सुटत नाही आणि पुन्हा तेच: कमी उंची, कमी वेग, वळण. इंजिन जातं का? कधी हिशेब चुकून पेट्रोल संपतं. कधी अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रभर दव धरून पाणी साचतं; म्हणून उडण्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून बघतात. आणि कधी कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. आपल्याकडे बर्फ कुठला, असं वाटेल. माठातलं पाणी गार का होतं, आठवा. पेट्रोलची वाफ होताना तशीच हवा गार पडते, पण कितीतरी जास्त. दमट हवेत बाहेर 25 अंश असतानाही आत बर्फ साचून इंजिन गुदमरू शकतं. त्यासाठी गरम हवेचा खटका असतो, तो वेळेवर ओढायचा. अपघातानंतर तासाभरात तो बर्फ वितळून गेलेला असतो. पुरावा नाही. मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

कधी दोष थेट यंत्रातच असतो. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 हे शिकाऊ विमान घडवलं. 1951 च्या ऑगस्टमध्ये ते उडालं आणि पुढे वायुदलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. त्याच्या जागी आलेल्या एचपीटी-32 'दीपक'चा मात्र जुना आजार होता: हवेत इंजिन बंद पडणं. 17 अपघात, 19 वैमानिक गेले. 2009 च्या जुलैमधल्या अपघातात दोघं गेल्यावर विमानं जमिनीवर बसवली. नवीन पिलाटस विमानं यायला 2013 उजाडलं. एकोणीस घरं. त्या घरांना 'मुलाची चूक असेल' असं कुणी ऐकवलं असेल तर?

तिसरं कारण, हवामान आणि डोंगर. पावसाळ्यात आपल्या बेलवलीतून चंदेरी, मलंगगड बघता बघता ढगात गुडुप होतात, हे रोजचंच. त्या ढगात शिकाऊ पायलट शिरला तर? 1954 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने ढगात उडायचं शिक्षण नसलेल्या 20 पायलटांची चाचणी घेतली. विमानावरचा ताबा जायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. बाहेर काही दिसेना की कान आणि पोट खोटं सांगतात. काट्यांवर विश्वास ठेवायला शिकवावंच लागतं.

याच जातीचं चौथं, विनाकारण खाली उडणं. 2017 च्या एप्रिलमध्ये गोंदियाच्या अकादमीचं विमान वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला धडकलं. मास्तर आणि विद्यार्थिनी, दोघंही गेले.

आणि आपल्या महाराष्ट्राची अलीकडची यादी बघा. 16 जुलै 2021, शिरपूरच्या अकादमीचं विमान चोपडा तालुक्यात पडलं, मास्तर गेले, विद्यार्थिनी जखमी. 25 जुलै 2022, बारामतीहून एकटीच निघालेली मुलगी इंदापूरच्या कडबनवाडीत शेतात कोसळली, नशिबाने वाचली. 18 मार्च 2023, गोंदियाहून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात. पुन्हा मास्तर आणि विद्यार्थिनी. 2023 च्या ऑक्टोबरात बारामतीला 19 आणि 22 तारखेला, चार दिवसांत दोन. दोन्ही एकाच संस्थेची. मग डीजीसीएने सहा महिन्यांत पाच अपघात झाले म्हणून त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं.

इथे थांबून विचार करा. सहा महिन्यांत पाच वेगवेगळे पायलट चुकले असं म्हणायचं, की त्या पाचांना जोडणारा धागा शोधायचा? सरकारनेही धागाच पकडला. मग तो पहिल्या, निदान दुसऱ्या अपघातानंतर का नाही पकडला?

अपघाताची चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, दोष देण्यासाठी नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि आपणही तो मान्य केलाय. चौकशीसाठी वेगळा ब्युरो, एएआयबी, आपल्याकडे 2012 मध्ये आला. त्याआधी जे खातं परवाने द्यायचं, त्याच्याच हातात बहुतेक चौकशा असायच्या. 'पायलटची चूक' हे वाक्य खोटं असतं असं नाही. पुष्कळदा हात पायलटचाच चुकलेला असतो. पण तो का चुकला, हा प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा. त्या दिवशी मास्तरची कितवी फेरी होती? हवा बघून 'आज नको' म्हणायचा अधिकार कुणाला होता? तासांचं टार्गेट कुणी लावलं होतं? पार्कपासून स्मिथ-बॅरीपर्यंत जो काही सुधार झाला, तो हे 'का' विचारल्यानेच झाला.

तर काका, तुमच्यासाठी. कमर्शियल लायसन्सला 200 तास उडावं लागतं आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. एवढे पैसे भरताय तर अकादमीत जाऊन चार गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत अपघात किती झाले आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? मास्तर एका दिवसात किती वेळा उडतात? स्टॉल आणि स्पिन कितव्या तासाला, किती उंचीवर शिकवता? मुलाने 'आज हवा बरी नाही, मी जात नाही' म्हटलं तर त्याला ओरडता का?

शेवटच्या प्रश्नाला ते लगेच 'नाही' म्हणतील. तेव्हा त्यांच्याकडे बघू नका. बाजूला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडाकडे बघा.

— बेलवली, बदलापूर