आदान तपासणी, संगणकीय

बाहेरून येणारी माहिती संगणकाने स्वीकारण्यापूर्वी ती अपेक्षित प्रकारची, अपेक्षित लांबीची व अर्थाच्या दृष्टीने संभवनीय आहे की नाही, हे ठरविण्याच्या क्रियेस आदान तपासणी म्हणतात. माहिती खरी आहे की नाही, हे या तपासणीने कळत नाही. ती स्वीकारण्याजोगी आहे एवढेच कळते. ३१ फेब्रुवारी ही जन्मतारीख तपासणीत नाकारली जाईल. परंतु १२ मार्चऐवजी चुकून लिहिलेली १३ मार्च ही तारीख तीतून सहज पार पडेल. हा भेद मूलभूत असूनही या विषयाच्या इतिहासात तो वारंवार विसरला गेल्याचे दिसते.

अमेरिकेच्या १८९० मधील जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. छिद्र चुकीच्या जागी पडले, तर यंत्र ती चूकही तितक्याच तत्परतेने मोजीत असे. म्हणून पुढे हिशोबाच्या मोठ्या कार्यालयांत छिद्रण व पडताळणी अशी दोन स्वतंत्र कामे निर्माण झाली. एका कर्मचाऱ्याने छिद्रे पाडल्यावर दुसरा कर्मचारी तोच मूळ कागद पाहून पडताळणी यंत्राच्या कळा पुन्हा दाबी आणि फरक आढळला की यंत्र अडून राही. १९४९ मध्ये आयबीएम कंपनीने आणलेल्या अशा एका यंत्रात बिनचूक पत्राच्या उजव्या कडेला खाच पडत असे. त्यामुळे पत्रांच्या गठ्ठ्याकडे पाहताच न तपासलेले पत्र ओळखू येई. सर्व काम दोनदा करावे लागणारी ही पद्धत अर्थातच महाग होती.

हा खर्च अंशतः टाळण्याचा मार्ग म्हणजे तपासणी अंक होय. क्रमांकातील इतर अंकांवरून गणिताने काढलेला एक जादा अंक त्याच क्रमांकाला जोडला, की तो क्रमांक स्वतःची साक्ष स्वतःच देऊ शकतो. आयबीएममधील हान्स पेटर लून यांनी अशा पडताळणीसाठी हातात धरता येण्याजोगे एक यांत्रिक साधन तयार केले. त्याच्या एकस्वासाठी त्यांनी १९५४ मध्ये अर्ज केला व १९६० मध्ये एकस्व मिळाले. त्यांच्या पद्धतीत उजवीकडून एकाआड एक अंक दुप्पट करतात, दुपटीचे दोन अंक झाल्यास त्यांची बेरीज घेतात व एकूण बेरजेला १० ने निःशेष भाग जातो की नाही ते पाहतात. क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांत हीच पद्धत रूढ झाली. एक अंक चुकला तर ती चूक हमखास पकडली जाते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुधा पकडली जाते. अपवाद फक्त ०९ व ९० यांचा. शून्याची दुप्पट शून्य आणि नवाची दुप्पट १८, म्हणजे पुन्हा १ + ८ = ९; त्यामुळे दोन्ही क्रमांत बेरीज सारखीच येते.

हा दोष याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञांनी १९६९ मध्ये दूर केला. लोक प्रत्यक्षात कोणत्या प्रकारच्या चुका करतात, याचा त्यांनी आधी अभ्यास केला. सुमारे चार पंचमांश चुका एकच अंक बदलल्याने व जवळजवळ एक दशांश चुका शेजारचे अंक उलटल्याने होतात, असे त्यांना आढळले. नंतर त्यांनी नित्याच्या बेरजेऐवजी पंचकोनाच्या सममितींचा गट वापरला. या गटात क्रियेचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते आणि अदलाबदल उघडकीस येण्याचे मर्म यातच आहे. भारतातील आधार क्रमांकाच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक व्हरहूफ यांच्या पद्धतीने काढतात. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले.

येथवरच्या सर्व उपायांमागे एक गृहीत होते : माहिती भरणारा मनुष्य कार्यालयातीलच आहे, तो चुकेल पण फसविणार नाही. संगणक एकमेकांना जोडले गेल्यावर हे गृहीत टिकले नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सोडण्यात आलेला ‘मॉरिस वर्म’ पसरण्यासाठी जे मार्ग वापरीत होता, त्यांपैकी एक ‘फिंगर’ या सेवेतील होता. आलेला मजकूर ठेवण्यास या सेवेने ५१२ बाइटांची जागा राखून ठेवली होती. मजकूर त्याहून लांब आहे काय, हे मात्र ती पाहत नसे. वर्मने जाणूनबुजून लांब मजकूर पाठविला. जादा भाग स्मृतीतील शेजारच्या जागेवर लिहिला गेला आणि संगणक त्यालाच आज्ञा समजून चालवू लागला. लांबीची एक साधी तुलना हा मार्ग बंद करण्यास पुरेशी होती. ज्या फलनामुळे हे घडले, ते ‘सी’ भाषेच्या प्रमाणातून काढून टाकण्यास मात्र २०११ साल उजाडले.

वर्ल्ड वाइड वेबवर वाचकाला माहिती भरून पाठविता येणारे फॉर्म १९९३ च्या सुमारास आले. १९९५ मध्ये एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांचे प्रमाणीकरण झाले. सुरुवातीस सर्व तपासणी सर्व्हरवर होई. एखादा रकाना रिकामा राहिला, तरी फॉर्म टेलिफोनच्या मंद तारेवरून जाऊन परत येई. डिसेंबर १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावास्क्रिप्ट भाषेमुळे ही तपासणी वापरकर्त्याच्याच संगणकावर क्षणार्धात होऊ लागली. सोय मोठी होती. पण पहारेकरीच आगंतुकाच्या घरी बसविल्यासारखे झाले. वापरकर्त्याला ती आज्ञावली बंद करता येते, किंवा ब्राउझर बाजूला ठेवून हवा तो मजकूर सरळ सर्व्हरला पाठविता येतो. काही ऑनलाइन दुकानांनी तर वस्तूची किंमतच फॉर्मच्या अदृश्य रकान्यात ठेवली होती. ती बदलून पाठविली की वस्तू ग्राहक म्हणेल त्या किमतीला मिळे. सर्व्हरवरील तपासणी हीच खरी, ब्राउझरमधील केवळ सोयीची, हा नियम अशा अनुभवांतून दृढ झाला.

याहून गंभीर प्रकार डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकातील एका लेखाने उघड केला. माहितीसंचयाला एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारताना मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत देतात. वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातच ते चिन्ह असले, तर मजकूर तेथे संपला असे समजून पुढील अक्षरे आज्ञा म्हणून वाचली जातात. अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स या कंपनीत याच वाटेने शिरकाव झाला. २००९ च्या आरोपपत्रात १३ कोटींहून अधिक कार्डक्रमांक चोरीस गेल्याचे म्हटले होते. या गुन्ह्यांतील मुख्य आरोपी अल्बर्ट गोन्झालेझ यास २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

यावरील योग्य उपाय आज्ञा आणि मजकूर संचयाकडे वेगवेगळे पाठविणे हा आहे. तसे केल्यावर अवतरणचिन्ह निरुपद्रवी होते. अनेकांनी मात्र सोपी वाट धरून ते चिन्हच निषिद्ध केले. निषेधाच्या याद्या हल्लेखोराला फारसे अडवीत नाहीत : ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस संकेतस्थळाने गाळलेला ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द मध्ये ओळ तोडून लिहिला गेला, काही ब्राउझरांनी तो तसाच जोडून वाचला आणि ‘सॅमी’ वर्म एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला. अडला तो भलताच मनुष्य. आयर्लंडमधील ओब्रायन किंवा गोव्यातील डिसोझा व डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत पहिल्या अक्षरानंतर तेच चिन्ह घालून लिहिली जातात. पारपत्रावरील नाव फॉर्म स्वीकारीत नाही आणि फॉर्ममधील नाव पारपत्राशी जुळत नाही, अशा कोंडीत हे लोक सापडले.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी निराळी आहे. नावात फक्त अक्षरेच असावीत, हा नियम वरकरणी निर्दोष वाटतो. परंतु युनिकोडच्या वर्गीकरणात स्वर व व्यंजने ही अक्षरे असली, तरी काना, वेलांटी, अनुस्वार व हलंत ही अक्षरे नसून चिन्हे होत. ‘मराठी’ या शब्दाच्या पाच संकेतांपैकी तीनच अक्षरे ठरतात. त्यामुळे या नियमाच्या कसोटीवर हा शब्दच अग्राह्य ठरतो. गोऱ्हे, वऱ्हाडपांडे यांसारख्या आडनावांतील अर्धा र काही वेळा एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहितात. दिसत नाही म्हणून तपासणीत ते चिन्ह गाळले, की त्या र चा रफार होतो आणि आडनाव वेगळेच उमटते.

ई-मेलच्या पत्त्यात रोमनेतर लिपी वापरण्यास २०१२ मध्ये मान्यता मिळाली व ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे क्षेत्रनाम सुरू झाले. तथापि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संमत झालेल्या एचटीएमएल-५ मध्ये ई-मेलच्या रकान्यासाठी जो साचा दिला होता, त्यात पत्त्याच्या पहिल्या भागाला रोमन अक्षरे, अंक व ठरावीक चिन्हे एवढीच मुभा होती.