कामकरी पूर्वजाचा शोध, घरच्या कागदांतून

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. पुढे कित्येकजण मुंबईला गिरण्यांत, रेल्वेत कामाला लागले. अशा माणसाचं चरित्र कोणी लिहीत नाही. पणजोबांचा माग मी कसा काढला, ते सांगते.

आधी केतुबा बघा. तीत नवऱ्याच्या बापाचं नाव मिळतं. हिब्रू साल ५६६० असेल तर ३७६० वजा करा, १९०० येतं. तारीख रोश हशाना ते डिसेंबरअखेरची असेल तर १८९९ धरा.

मग नावं जुळवा. केतुबेत अब्राहम तो व्यवहारात अबाजी; सॅम्युएलचा समाजी, बेंजामिनचा बनाजी. पेणकर, रोहेकर अशी आडनावं मूळ गाव दाखवतात. माणूस तोच का, हे बापाच्या नावावरून ठरवा, वयावरून नको. मी नर्स होते; जुनी माणसं वय अंदाजानेच सांगायची.

धंदा मात्र केतुबेत नसतो. पणजोबा साचा चालवायचे, हे मला गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठीवरून कळलं. म्हणून चिठोरंही टाकू नका.

आणि जुन्या फोटोंच्या मागे नावं आजच लिहा. ते चेहरे ओळखणारे आता आपणच उरलो आहोत.